नॅस्कारमध्ये २००१ नंतर ड्रायव्हरचे मृत्यू खरोखरच थांबले का, आणि कशामुळे?

आपण विचारले आहे की, नॅस्कार या अमेरिकेतील मोटारशर्यतींच्या संघटनेच्या शर्यतींत गाड्या आजही पूर्वीइतक्याच जोरात आदळतात, तरी २००१ नंतर तेथे एकही ड्रायव्हर दगावलेला नाही हे खरे आहे का, आणि खरे असल्यास नेमके काय बदलले. मी नॉर्थ कॅरोलिनात शार्लटजवळ राहतो. नॅस्कारचे बहुतेक संघ याच परिसरात असल्यामुळे आमच्याकडे हा विषय चहाच्या टेबलावरही निघतो.

आधी एक दुरुस्ती करतो. नॅस्कारच्या राष्ट्रीय पातळीवरच्या तीन मालिकांपुरतेच, म्हणजे सर्वांत वरची कप मालिका, तिच्या खालची दुसरी मालिका आणि पिकअप ट्रकची मालिका यांच्यापुरतेच, हे विधान खरे आहे. प्रादेशिक आणि अमेरिकेबाहेरच्या मालिकांत मृत्यू झालेले आहेत: २००७ मध्ये कनेक्टिकटमधील थॉम्पसन येथे जॉन ब्ल्यूइट आणि २००९ मध्ये मेक्सिकोतील पुएब्ला येथे कार्लोस पार्दो.

काय बदलले हे समजण्यासाठी १८ फेब्रुवारी २००१ रोजी झालेली डेटोना ५०० ही एकच शर्यत नीट पाहिली तरी पुरे. १७३ व्या फेरीत अठराएक गाड्यांचा चेंदामेंदा झाला, टोनी स्ट्युअर्टची गाडी हवेत उडून इतर गाड्यांवरून गडगडत गेली, आणि पाहणाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकला. पण स्ट्युअर्ट किरकोळ दुखापतींवर बचावला. पुढे २०० व्या, म्हणजे शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणावर डेल अर्नहार्टची काळी ३ क्रमांकाची गाडी उजवीकडे वळून भिंतीवर गेली आणि घसरत खाली गवतावर येऊन थांबली. गाडी उलटली नाही की पेटली नाही. असे अपघात दर महिन्याला दिसत असल्यामुळे, अर्नहार्ट आता खिडकीची जाळी खाली सोडून बाहेर येतील, असेच बहुतेकांना वाटले. सात वेळा अजिंक्यपद मिळवलेला हा माणूस त्या धडकेत गेला होता.

नवख्या माणसाला जे उलटे वाटते ते हेच. कोलांट्या खाणारी गाडी आपला वेग हप्त्याहप्त्याने गमावते, तर काँक्रीटच्या भिंतीवर नाक आपटणारी गाडी तो क्षणार्धात गमावते. पट्ट्यांनी आवळलेले धड जागीच राहते, पण हेल्मेटसह डोके पुढे जात राहते, आणि तो सगळा हिसका मान व कवटी जेथे जुळतात तेथे बसून कवटीचा तळ तडकतो. मे २००० मध्ये न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर सराव करताना एकोणीस वर्षांचा अ‍ॅडम पेटी याच इजेने गेला होता, आणि जुलैमध्ये त्याच ट्रॅकच्या त्याच वळणावर केनी अर्विनही. अर्नहार्टच्या अपघातात कमरेचा डावा पट्टाही तुटलेला सापडला. ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या चौकशी अहवालाने एका कारणावर बोट न ठेवता भिंतीशी झालेला कोन, त्याआधी दुसऱ्या गाडीशी झालेली टक्कर आणि हा तुटलेला पट्टा अशी कारणे एकत्र मांडली.

मला सर्वांत जास्त खटकते ती गोष्ट अशी की, यावरचा उपाय तेव्हा बाजारात उपलब्ध होता. मिशिगन राज्य विद्यापीठातील प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, स्वतः शर्यती खेळणारे जिम डाउनिंग, यांनी १९८० च्या दशकातच 'हान्स' नावाचे साधन तयार केले होते. हे खांद्यांवर बसणारे जाड जोखड असते. त्यावरून खांद्याचे पट्टे जातात आणि त्याला जोडलेल्या दोन छोट्या दोऱ्या हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना अडकवतात, म्हणजे डोके धडाबरोबरच थांबते. अवजड वाटते, मान वळत नाही, अशा तक्रारी करून बहुतेकांनी ते टाळले आणि नॅस्कारनेही सक्ती केली नाही. अर्नहार्टच्या मृत्यूनंतर बहुतेक ड्रायव्हर आपणहून ते वापरू लागले. सक्ती मात्र ऑक्टोबर २००१ मध्ये शार्लटला दुसऱ्या एका संघटनेच्या शर्यतीत ब्लेझ अलेक्झांडर गेल्यावरच झाली. याला दूरदृष्टी म्हणणे मला जड जाते.

दुसरा बदल भिंतीचा. नेब्रास्का विद्यापीठातील डीन सिकिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली 'सेफर' भिंत मे २००२ मध्ये प्रथम इंडियानापोलिसला बसली. तिचे काम मुळात इंडी गाड्यांच्या, म्हणजे उघड्या चाकांच्या शर्यती गाड्यांच्या, संघटनेच्या पुढाकाराने सुरू झाले होते, हेही सांगायला हवे. शार्लटच्या ट्रॅकवर फेरफटक्याला गेलो असताना मी या भिंतीवर बोटांनी ठोकून पाहिले. काँक्रीटचा ठस्स आवाज येईल असे वाटले होते, प्रत्यक्षात रिकाम्या पिंपासारखा आला. आठ इंच रुंदीच्या पाच चौकोनी पोलादी नळ्या एकावर एक जोडलेल्या असतात, त्यांच्यामागे फोमचे ठोकळे आणि त्यांच्यामागे जुनी काँक्रीटची भिंत. धडक बसली की नळ्या मागे सरतात, फोम चेपतो, आणि थांबण्यासाठी गाडीला काही क्षण अधिक मिळतात. जीव वाचतो तो त्याच काही क्षणांमुळे. अर्थात भिंत असेल तेथेच. फेब्रुवारी २०१५ मध्ये डेटोनालाच काइल बुश आतल्या बाजूच्या उघड्या काँक्रीटवर आदळला आणि त्याचा उजवा पाय व डावे पाऊल मोडले. राहिलेल्या जागा झाकण्याची घाई ट्रॅकच्या मालकांना त्यानंतर झाली.

२००७ पासून आलेल्या नव्या घडणीच्या गाडीत ड्रायव्हरची जागा मध्याकडे सरकवली आणि दारात फोम भरला. इंधन सांडून पेटू नये म्हणून टाकीत बसवलेली रबरी पिशवी मात्र त्याच्या कितीतरी आधीची. १९६४ मध्ये शार्लटला फायरबॉल रॉबर्ट्स भाजून पुढे दगावले, त्या काळात तिच्यावर काम सुरू झाले. २०२० च्या डेटोना ५०० मध्ये रायन न्यूमनची उलटलेली गाडी दुसऱ्या गाडीने थेट ड्रायव्हरच्या खिडकीपाशी ठोकली, तेव्हा ही सगळी साधने एकदमच कसाला लागली. दोनच दिवसांनी न्यूमन मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर आला.

तरीही प्रश्न मिटला असे मानू नका. २०२२ मध्ये आलेल्या गाडीचा मागचा भाग इतका कडक निघाला की, मागून भिंतीवर गेल्यास तो चेपण्याऐवजी हिसका थेट ड्रायव्हरपर्यंत पोहोचवू लागला. त्या जुलैमध्ये पेनसिल्व्हेनियातील पोकोनो ट्रॅकवर पात्रता फेरीत कर्ट बुशची गाडी अशीच मागून आदळली आणि त्याच्या मेंदूला मार बसला. २०२३ साठी नॅस्कारने मागची चौकट मऊ करून घेतली. पण बुश त्यानंतर कपमध्ये एकही शर्यत खेळू शकला नाही.