जुनी जिप्सी घेताय आणि ती उंच केलेली आहे? आधी टेप घेऊन गाडीखाली जा

तुम्ही लिहिलंय की नाशिकला 2012 ची मारुती जिप्सी पाहिलीत, मालक ‘दोन इंचाची लिफ्ट आहे’ एवढंच सांगतोय, आणि घेतल्यावर ती आणखी उंच करायचा तुमचा विचार आहे. मी अशीच एक जिप्सी घेतली होती. तिच्या मालकानेही दोन इंचच सांगितले होते. बहुतेक मालक दोनच इंच सांगतात.

जमिनीपासून बंपरपर्यंत मोजू नका, त्यात टायर फसवतो. एमजी413डब्ल्यूला, म्हणजे तुम्ही पाहिलेल्या जिप्सीच्या मॉडेलला, कंपनीचा टायर 205/70 आर15. त्याजागी 235/75 आर15 घातला की नुसत्या टायरने गाडी सव्वा इंचाच्या वर उचलली जाते. शिवाय स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा तुम्ही 66 ने जात असता. म्हणून सपाट जागी चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. चारही चाकांचे आकडे लिहून घ्या, आणि जवळपास एखादी न छेडलेली जिप्सी असेल तर तिचेही. माझ्या गाडीत पुढच्या डाव्या-उजव्यात पाऊण इंचाचा फरक निघाला. एका बाजूचा पाटा, म्हणजे गाडीचं वजन पेलणारी पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, दबून बसला होता.

मग अंगाखाली गोणपाट टाकून आत शिरा. मूळ जिप्सीत पाटे एक्सलच्या खालून जातात. ते एक्सलच्या वर दिसले तर ती ‘स्प्रिंग ओव्हर’ आहे. त्याने साधारण पाच इंच मिळतात, म्हणजे मालकाचे दोन इंच तिथेच खोटे. अशा गाडीत एक्सलवर पाट्यासाठी नव्या बैठका वेल्ड केलेल्या असतात. ते वेल्डिंग टॉर्च लावून नीट बघा. फुगे, भोकं किंवा नुकताच फासलेला काळा रंग दिसला तर मी गाडी सोडून देईन. पाटे खालीच असतील तर शॅकल बघा, म्हणजे पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी झुलती कडी. लांब शॅकल ही सर्वांत स्वस्त युक्ती, आणि तिचं गणित ऐकण्यासारखं आहे: शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी उचलते एकच इंच, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं. त्यापुढे पाटे मोजा. जास्तीचा पाटा घातला असेल तर त्याचा गंज बाकीच्यांशी जुळत नाही. पुढच्या एक्सलवर पाट्याच्या जोडीला लोखंडी ठोकळा दिसला तर ती गाडी नको. आणि चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि बॉडीच्या मध्ये गुटके असतील तर ती फक्त बॉडी उचललेली आहे, सस्पेन्शन जसंच्या तसं आहे.

माझ्या गाडीत निघाले लांब शॅकल, पुढे-मागे दोन्हीकडे. जिप्सीत पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. तो लांबवला की एक्सलचा वरचा भाग पुढे कलतो, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल) कमी होतो आणि स्टिअरिंग आपोआप सरळ यायचं विसरतं. कसारा घाट उतरताना मी दोन्ही हातांनी चाक धरून बसलो होतो. ज्या गॅरेजला दाखवली त्यांनी ‘अलाइनमेंट करा’ म्हणून पैसे घेतले. अलाइनमेंटच्या मशीनवर टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) सुधारतो, जिप्सीच्या एक्सलचा कॅस्टर नाही. त्याला पाटा आणि एक्सलच्या मध्ये तिरकी पाचर लागते, किंवा शॅकल परत आखूड करावा लागतो. मी आखूड केला.

तुम्ही घेण्याआधी दोन परीक्षा करा. किल्ली फिरवून स्टिअरिंगचं लॉक उघडा आणि एकाला पुढचा बंपर खालीवर दाबायला सांगा. स्टिअरिंग स्वतःहून डावी-उजवीकडे फिरत असेल तर ड्रॅग लिंकचा, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा, कोन बिघडलाय. दुसरी, चासी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेऊन चाकं लोंबकळू द्या. ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणला जातोय का? शॉकअप पूर्ण उघडून तोच एक्सलचं वजन धरतोय का? प्रॉपेलर शाफ्टचे (एक्सलला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हाताने फिरवून बघा. मागचा शॅकल लांब असेल तर तेच आधी जातात.

आता आणखी उंच करण्याबद्दल. नका करू. सस्पेन्शन कितीही उचललं तरी डिफरन्शियल (एक्सलच्या मधला गिअरचा गोळा) जिथे होता तिथेच राहतो, तो फक्त टायरच्या आकाराने वर जातो. आपल्याकडच्या दगडी वाटांवर घासतं ते नेमकं तेच. उंच चासी तुम्हाला खड्ड्यातून नाही, कडेच्या उतारावर कलंडण्याकडे नेते. पैसे असतील तर आधी पाट्यांचे बुश (टोकांतले रबर) आणि शॅकलच्या पिना बदला. पाटे खोललेच तर त्यांना एक्सलशी आवळणारे यू-बोल्ट नवेच घाला, जुने परत आवळू नका. त्यानंतर पॅराबोलिक पाटे आणि त्यांच्या लांबीचे शॉकअप. पॅराबोलिकमध्ये पाटे कमी, एकमेकांवर घासणंही कमी, त्यामुळे जिप्सीचा कंबरमोड धक्का बराच मऊ होतो. मऊपणासाठी मूळ संचातला पाटा काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. उरलेले लवकर बसतात. आणि स्टिअरिंगची थरथर थांबवायला स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचा शॉकअप) बसवणं मला तापावर पांघरूण घातल्यासारखं वाटतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये असे बदल अडकतात, आणि कलम 182अ खाली दर बदलाला 5000 रुपये दंड होऊ शकतो. तुरुंगवासाचीही तरतूद आहे. अपघातानंतर विमावाल्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं तर वाद वेगळाच.

म्हणून सौदा करताना मूळ पाटे आणि शॅकल आहेत का ते जरूर विचारा. माझ्या विक्रेत्याने ते घराच्या पडवीत गोणीत ठेवले होते, वर कोंबड्या बसत. मागितले तसे फुकट दिले.