धरणाचं पाणी ओसरलं की हद्दही सरकते का?

प्रश्न: साळावली जलाशयाला लागून आमचं काजूचं भाट (बागायत) आहे. एप्रिल-मेमध्ये पाणी बरंच खाली जातं आणि भाटाच्या पायथ्याशी मोठी पट्टी उघडी पडते. मडगावचं एक गिऱ्हाईक म्हणतं, पाण्यापर्यंत कुंपण घालू, चार कॉटेजेस बांधू. महाराष्ट्रात धरणातल्या उघड्या जमिनीत लोक पीक घेतात ना, मग आम्हाला का जमू नये?
– एक वाचक, सांगे

उत्तर: कुंपणाची तार अजून आणली नसेल तर आणू नका.

साळावलीची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण भरल्यावरची पाण्याची उंची, ४१.१५ मीटर. पण पाणी तिथेच थांबतं असं नाही. या धरणाच्या सांडव्याला दारं नाहीत. पर्यटक ज्याचे फोटो काढतात त्या बदकाच्या चोचीसारख्या सांडव्यावरून पाणी आपसूक ओसंडतं, आणि ओसंडायचं तर ते काठाच्या वर चढावंच लागतं. पाऊस जितका जोराचा, तितकी चढण जास्त. त्यामुळे जलाशयासाठी जमीन घेताना पूरपातळीचाही हिशेब धरतात. तुमची हद्द ठरते ती संपादनाच्या नकाशावर. मेमधलं पाणी कुठवर आहे याचा तिच्याशी काही संबंध नाही. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद) आणि सर्व्हे नकाशा काढा, जलस्रोत खात्याकडच्या संपादन नकाशाशी ताडून बघा आणि रीतसर मोजणी मागा.

नोकरीत असताना असल्या हद्दी शोधायला आम्ही आधी कोयता चालवायचो, लेव्हल मशीन नंतर. घाणेरीच्या जाळीत हद्दीचा दगड अर्धा पुरलेला, वर शेवाळ, कोरलेला आकडा नखाने खरवडून वाचायचा. कधी तो जागचा हललेला असायचा, त्याला कोणाची तरी म्हैस बांधलेली. म्हणून नुसत्या दगडावर विसंबू नका.

आता महाराष्ट्राचं. तिथे गाळपेर जमीन, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी, हंगामापुरती भाडेपट्ट्याने देतात, आणि ज्यांची जमीन बुडाली त्यांना प्राधान्य असतं. मालकी सरकारचीच राहते. आपल्याकडे हाच हक्क सांगायचा तर पहिला मान या धरणात बुडालेल्या कुर्डी गावच्या लोकांचा, जे वाडे आणि वालकिणीला उठून गेले आणि मे महिन्यात पाणी ओसरलं की गावच्या सोमेश्वराच्या देवळात येतात. काठावर भाट आहे एवढ्यावर तुम्हाला तो मिळत नाही.

खरी काळजी काठाच्या मातीची. तिळारीच्या वरच्या अंगाला धामणेचा जलाशय आहे, त्याचं पाणी कोनाळच्या वीजगृहात जातं. अशा वीजनिर्मितीच्या जलाशयात पातळी विजेच्या मागणीप्रमाणे वरखाली होते. पाणी झटकन उतरतं, पण काठच्या मातीत मुरलेलं तितक्या लवकर निथळत नाही. ते आतून ढकलतं आणि काठ घसरतो. साळावलीत पाणी सावकाश उतरतं, त्यामुळे धोका कमी, पण जांभ्याखाली शेडी (मऊ चिकणमाती) असेल तर बेभरवशाचं काम. जेसीबीने उतार तासून सपाटी केलीत की वरचा जांभा अधांतरी राहील. पायथ्याची झुडपं राहू द्या. तुमच्या हद्दीत बांबू, जांभूळ, वाळा लावा.

कॉटेजेसना जमीन-रूपांतराची सनद लागेल आणि त्याआधी नगरनियोजन खात्याच्या नकाशात ती जमीन कोणत्या विभागात दाखवलीय ते बघावं लागेल. समजा कागद जमले, तरी सांडपाण्याचं काय करणार? जांभ्यात सोकपिट (शोषखड्डा) खणला की घाण भेगांतून खाली उतरणार. हेच पाणी शेळप्याच्या शुद्धीकरण प्रकल्पातून सासष्टीत, मडगावच्या भागात जातं, म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाच्याच नळाला.

सौदा करायचाच असेल तर पावसाळ्यापर्यंत थांबा. सांडवा जोरात वाहत असेल तेव्हा भाटाच्या पायथ्याशी जा, पाणी ज्या झाडाला टेकलं असेल त्याच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा मारा. मग गिऱ्हाइकाला तिथे उभं करा आणि काय भाव सांगतो ते ऐका.