नवव्या मात्रेवर सोडलेला ट्रॅक

प्रिय पोरी,

तू ट्रॅकला ट्रॅक जोडून केलेला डीजे मिक्स काल दोनदा ऐकला. एकदा हेडफोन लावून, एकदा भांडी घासताना. भांडी घासताना ऐकलेलं जास्त खरं. बीट जुळवणं साफ आहे, त्याबद्दल बोलायलाच नको. पण सहाव्या मिनिटाला तू 138 बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला 138 ठोक्यांवर पोचलीस आणि मग खाली उतरलीच नाहीस. गवयाने बैठक द्रुतपासून सुरू करावी तसं झालं. ऐकणाऱ्याने अजून चप्पलही काढलेली नाही.

तुझ्या बाबाचाही फोन येऊन गेला. "सांगलीत डीजे म्हणजे गणपतीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली भिंत. इंजिनिअरिंग करून पोरगी ट्रॉलीवर बसणार का?" मी हसलो, पण त्याचं चुकलेलं नाही. आपल्याकडे डीजे हे माणसाचं नाव राहिलंच नाही, स्पीकरचं झालंय. त्याच्याशी वाद घालू नकोस. एकदा क्लबात घेऊन ये त्याला, नऊच्या सुमाराला, गर्दी व्हायच्या आत.

कारण तुझं काम तेव्हाच असणार आहे. पहिली दोन-तीन वर्षं तुला वॉर्मअपच, म्हणजे मुख्य डीजेच्या आधीचा वेळच मिळेल, आणि बहुतेक पोरं तो शिक्षा भोगल्यासारखा वाजवतात. हॉल रिकामा, वेटर टेबलं पुसतोय, कोपऱ्यात दोघंजण मोबाइलमध्ये. अशा वेळी 118 ते 122 च्या आत राहा. मिक्सरचे लाल दिवे पेटू देऊ नकोस. वरचा आवाज नंतर येणाऱ्या मुख्य डीजेसाठी राखायचा असतो. त्याचे गाजलेले ट्रॅक तर चुकूनही लावू नकोस. लोकांच्या तोंडाकडे बघू नकोस, पायांकडे बघ. हातात ग्लास घेऊन उभ्या माणसाची टाच हलायला लागली की त्याला नाचवायची घाई करायची नाही. तो आपणहून येतो. आणि दीड तास कुणी फ्लोअर सोडला नाही म्हणून फुशारून जाऊ नकोस. त्या दीड तासात बारवाला तुझ्याकडे डोळे वटारून बघत असतो, आणि तुझं पाकीट त्याच्याच गल्ल्यातून निघतं. अधूनमधून एक सैल ट्रॅक लाव, लोकांना पाणी पिऊन येऊ दे.

तू लहानपणी तबला शिकलीस ना? मग हे तुला पटकन कळेल. हाउस म्युझिकमध्ये वाक्य बहुधा 32 बीट्सचं, म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं. नवा ट्रॅक समेवर यायला हवा. बाविसाव्या मिनिटाला तू तो नवव्या मात्रेवर सोडलास. शंभरातल्या नव्वदांना कळणार नाही, पण त्यांचे पाय अडखळतील.

पेन ड्राइव्ह दोन ठेव, दोन्ही एफएटी32 मध्ये फॉरमॅट केलेले, आणि रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमधलं ट्रॅकचं सगळं विश्लेषण घरून करून ने.

हे सगळं परदेशातून आलंय असं तुझे मित्र म्हणतात, त्यांना एक गोष्ट सांग. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे वादक. 1982 साली त्यांनी मुंबईत रोलँडच्या टीबी-303 आणि टीआर-808 या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग बसवून एचएमव्हीसाठी रेकॉर्ड केली. अ‍ॅसिड हाउस, म्हणजे अशाच यंत्रांवरचं नाचाचं संगीत, हा शब्द जन्मायच्या आधीची गोष्ट. ती चालली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जग थक्क झालं. तिकडे गोव्यात हणजुण्याला गोवा गिल नावाचा डीजे रात्र-रात्र डॅट, म्हणजे डिजिटल टेपवर वाजवायचा, कारण किनाऱ्यावरच्या उन्हात तबकड्या वाकतात.

आता प्रमोटर व्हायचं, स्वतःच्या पैशाने कार्यक्रम भरवायचे म्हणतेस, तिथे मात्र मी जरा आवाज चढवणार आहे. सनबर्न हा डीजे महोत्सव 2007 मध्ये गोव्यात कांदोळीला सुरू झाला, 2016 मध्ये पुण्यात आला, आणि तेव्हापासून स्टेज बघून आलेल्या प्रत्येकाला वाटतं की आपणही एक करावा. तू कागद घे. समज, कलाकार दीड लाख, साउंड-लाइट साठ हजार, परवाने चाळीस, विमान-हॉटेल तीस, पोस्टर-जाहिरात वीस. झाले तीन लाख. तिकीट आठशेचं, कर आणि तिकीट साइटचं कमिशन जाऊन हातात पडले साडेसहाशे. हॉल चारशेचा. म्हणजे हाउसफुल होऊनही तू चाळीस हजारांनी खड्ड्यात, आणि अजून गेस्टलिस्टवाले फुकटे मोजलेच नाहीत.

माझा खड्डा वेगळा होता. गावाबाहेरचं लॉन, जागेचा मालक म्हणाला, "परवानगीचं माझ्यावर सोडा." मी सोडलं. आता, ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम सांगतात की रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षाकाठी फार तर 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, ते सणावारांतच संपतात. हे मला दहाला पाच मिनिटं असताना हवालदाराकडून कळलं. मुख्य कलाकार तेव्हा हॉटेलात दाढी करत होता. दोनशे वीस लोकांचे पैसे परत केले, आणि साउंडवाल्याचे द्यायला माझे दोन टेक्निक्स 1200, तबकड्या वाजवायचे टर्नटेबल, विकले. घेणाऱ्याने ते सुमोच्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून ठेवले. एकाची सुई काढायची राहिली होती. मी धावत जाऊन ती काढून दिली. आजही पोलिसांचा, एक्साइजचा, आणि गाण्यांच्या हक्कांसाठी पीपीएल-आयपीआरएसचा कागद हातात पडल्याशिवाय मी पोस्टर छापत नाही.

तुझ्या करारात दोन ओळी लिहून घे: अर्धे पैसे आधी, आणि रात्री घरापर्यंत गाडी. दुसरी मागताना लाजू नकोस. पुरुष डीजेही मागतात, फक्त त्यांना कुणी नखरे म्हणत नाही.

कानांचं सांगतो आणि थांबतो. 85 डेसिबल आठ तास चालतं, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 वर पंधरा मिनिटं. बूथमध्ये त्याहून जास्त असतं. माझ्या डाव्या कानात गेली नऊ वर्षं रातकिडा बसलाय, झोपायला गेलं की सुरू होतो. इअरप्लग आत्ताच घे.

पंचेचाळीस मिनिटांचा नवा मिक्स कर, रिकाम्या हॉलसाठी. आणि शनिवारी साडेपाचला ये, केबल अंथरायला एक माणूस कमी आहे. बूट घालून ये, चपला नकोत.

तुझा,
काका