द्राक्षांच्या नाशिक जिल्ह्यात पोरं कुपोषित कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिक जिल्ह्यात द्राक्षं, कांदा, दूध, धरणं सगळं असताना पेठ-सुरगाण्याकडचं कुपोषण हटत का नाही, अंगणवाड्या नक्की करतात काय, आणि शहरातल्या माणसाने दुधाची पावडर नेऊन दिली तर चालेल का?

शेवटच्याचं उत्तर आधी देते. पावडर नेऊ नका. कारण पुढे येईलच.

मी एकात्मिक बालविकास योजनेत पर्यवेक्षिका होते, आता निवृत्त आहे. पेठ आणि दिंडोरी, दोन्हीकडे नोकरी झाली. त्यामुळे माझं मत जरा वेगळं आहे. द्राक्षाचा हंगाम आणि तान्ह्या पोरांचं वजन ही एकाच कॅलेंडरची दोन पानं आहेत असं मी म्हणेन.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीचा घाटाकडचा पट्टा. पाऊस धो धो, पण जमीन उताराची. पाणी दमणगंगा आणि पार नद्यांनी गुजरातकडे निघून जातं आणि उन्हाळा लागला की पाड्यावर हंड्यांची रांग. पीक वर्षातून एकदाच, पावसाळ्यात: भात, नागली, वरई, बांधाला थोडी खुरासणी नि उडीद. दिवाळीच्या सुमारास खळं झालं की पुढे हाताला काम नाही. नेमकी त्याच वेळी दिंडोरी-निफाडच्या बागांची ऑक्टोबर छाटणी उरकलेली असते आणि विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), पुढे काढणी यांना माणसं हवी असतात. मग पाडेच्या पाडे रिकामे होतात. होळीला चार दिवस घरी, पुन्हा कामावर, आणि कायमचं परतणं पावसाच्या तोंडावर.

आता सात-आठ महिन्यांच्या बाळाचा विचार करा. त्याच्या पोटात एका वेळी लहान वाटीभरच मावतं. सहा महिन्यांपर्यंत अंगावरचं दूध पुरतं, नंतर वरचा आहार लागतो: आधी दिवसातून दोन-तीनदा, नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा, शिवाय मध्ये काहीतरी तोंडात. घट्ट, मऊ, चमचाभर तेल घातलेलं. त्या चमच्यातून चाळीसेक कॅलरी जातात, पातळ पेजेची अख्खी वाटी प्यायली तरी त्याहून फार जास्त मिळत नाही. हे भरवायला प्रत्येक वेळी अर्धा तास जातो. पोर थुंकतं, मान फिरवतं, झोपतं.

हा अर्धा तास बागेत कुणाकडे असतो? काम उक्त्याने, एकराच्या हिशोबाने, गटाचं मिळून. एक बाई बाजूला बसली की बाकीच्यांना तिची ओळ ओढावी लागते आणि पुढच्या वेळी गट तिला घेत नाही. दिंडोरीकडच्या एका बागेत मी गेले तेव्हा बाळ शेडमध्ये साडीच्या झोळीत होतं, झोका द्यायला आठेक वर्षांची बहीण. तिच्या हातात बिस्किटाचा पुडा, अर्धा तिच्या पोटात, अर्धा पाण्यात कालवून बाळाला. आई पहाटे अंगावर पाजून गेलेली, दुपारी जेवणाच्या सुट्टीत येणार. मी म्हटलं, मध्ये एकदा तरी ये. ती म्हणाली, "ताई, मुकादम काय म्हणेल ते जाऊ द्या, आमचीच माणसं बोलतात." मूल भुकेलं ठेवायची कुठल्याच आईला हौस नसते. नागली त्या घरात होती, तेल होतं, भरवणारं माणूस नव्हतं. आठ वर्षांच्या पोरीवर ते काम टाकून आपण पालकांना आहाराचं ज्ञान देत बसतो, याचा मला अजूनही राग येतो.

अंगणवाडी काय करते, तर बरंच करते, पण नेमक्या या वयात तिचा हात आखूड पडतो. गरम ताजा आहार मिळतो तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत घरपोच आहार, म्हणजे पाकीट. पाकीट घरात गेलं की ते सगळ्या घराचं होतं, त्यात गैर काही नाही, घरात चार तोंडं असतात. आदिवासी भागासाठी 2015 पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे: गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर सहा महिने एक वेळचं चौरस जेवण, नंतर त्यात मुलांसाठी अंडी आली. माझ्या मते ही राज्याने काढलेली सर्वात शहाणी योजना. पण ती पाड्यावर शिजते. बाई त्या वेळी निफाडला असते.

स्थलांतराची नोंद ठेवायला राज्याने 'महाएमटीएस' नावाचं अ‍ॅप काढलं, देशभरासाठी केंद्राचं पोषण ट्रॅकर आहे. नोंद झाली की लाभ जिथे जाल तिथे, असा हिशोब. बागेतल्या शेडपासून अंगणवाडी तीन किलोमीटरवर असली की तो हिशोब कागदावर राहतो.

राज्याचा आकडा बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2015-16 साली महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 25.6 टक्के मुलं उंचीच्या मानाने कृश होती. 2019-21 च्या फेरीतही 25.6 टक्केच. उंची खुंटलेली 35.2 टक्के. देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी जेमतेम 11 टक्के. त्यामुळे हे फक्त पेठ-सुरगाण्याचं दुखणं समजू नका. "आमच्यात बुटकीच असतात हो" हे मी पाड्यावरही ऐकलं आणि नाशिकच्या बंगल्यातही. जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे वाढीचे तक्ते सहा देशांतल्या मुलांवरून बनले, त्यात आपला देशही होता. नीट खाणारी, फार आजारी न पडणारी मुलं पाच वर्षांपर्यंत सगळीकडे जवळपास सारखीच वाढतात.

ओळखायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाही, पण जाणारच असाल तर माहीत हवं. अंगणवाडी ताईकडे दंडघेराची पट्टी असते: लाल, पिवळी, हिरवी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड मधोमध मोजायचा. 11.5 सेंटिमीटरच्या आत आला की लाल, म्हणजे सॅम, अतितीव्र कुपोषण. 12.5 च्या आत पिवळी, म्हणजे मॅम, मध्यम कुपोषण. 11.5 म्हणजे किती ते सांगते: माझा अंगठा आणि मधलं बोट त्या दंडाभोवती मिळतात आणि आत जागा उरते. पण वजनाचा काटा आणि पट्टी दोन्हींना फसवणारी एक गोष्ट आहे, सूज. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून काढला आणि खळगा तसाच राहिला, तर ते मूल सॅमच, वजन काही का असेना. अशी मुलं गुबगुबीत दिसतात. आजी कौतुकाने म्हणते, कसं बाळसं धरलंय! तिथे वाट बघायची नाही, दवाखान्यात न्यायचं.

लाल पट्टीचं मूल खेळतं आहे, भूक आहे, दुसरा आजार नाही, तर गावातल्या ग्राम बालविकास केंद्रात भागतं. भूक मेलेली, ताप, जुलाब, सूज असं काही असेल तर पोषण पुनर्वसन केंद्र. तिथे आईला दोन आठवडे राहावं लागतं. घरी दुसरं लहान मूल, नवरा कामावर. बाई तिसऱ्या दिवशी निघून येते ती का, हे आता वेगळं सांगायला नको.

बाकीची कारणं तुम्ही वाचली असतीलच: कोवळ्या वयातलं लग्न, अडीच किलोच्या आत जन्मलेलं बाळ, आईच्या अंगात रक्त नाही, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. ती सगळी खरी आहेत. पावसाळ्याचं मात्र बोलते. जुलै-ऑगस्टमध्ये आवणी (भाताची लावणी) चालू, घरातलं धान्य तळाला, नवी नागली अजून शेतात, आणि गढूळ पाण्याचे जुलाब. हिवाळ्यात बागेत सुकलेलं मूल या दोन महिन्यांत गचकन खाली येतं. म्हणून पावडर नको म्हटलं. ती त्याच पाण्यात कालवली जाणार, बाटलीतून दिली जाणार, आणि अंगावरचं पाजणं कमी होणार. जुलाबाला ओआरएस आणि चौदा दिवस झिंकच्या गोळ्या, दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

मदत करायचीच तर पैसा भरवणाऱ्या माणसावर घाला. मनरेगाच्या कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असली की त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन ठेवायची तरतूद होती. द्राक्षबागेला असं बंधन नाही. तुमच्या ओळखीचा बागायतदार असेल, आणि नाशिककराच्या ओळखीत एक तरी असतोच, तर त्याला गाठा. टोळीतल्याच एका वयस्कर बाईला हंगामभर मजुरी द्यायची, शेडमध्ये स्टोव्ह, झाकणाचा पाण्याचा पिंप, अंडी, शेंगदाण्याचं कूट, गूळ, तेल. चार-पाच बागायतदार मिळून केलं तर प्रत्येकाला औषधाच्या एका फवारणीएवढाही खर्च येणार नाही असा माझा अंदाज आहे. काढणीला आलेल्या मालावर लाखोंचा हिशोब करणारी माणसं आहेत ही, त्यांना हे जड नाही.

आणि जानेवारीत सावळघाट चढून पाड्यावर जाऊ नका, तिथे म्हातारी माणसं आणि कोंबड्या भेटतील. पिंपळगाव-वणीच्या बाजूला बागांतून फिरा. एखादं मूल सुकलेलं दिसलं तर आईला, शक्यतो टोळीतल्या दुसऱ्या बाईलाही बरोबर घेऊन, जवळच्या अंगणवाडीत जा. गाव तिथलं नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल तर पर्यवेक्षिकेचा नंबर मागा. तो अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिलेला असतो.