लेकीला मॉडेलिंगमध्ये पाठवताय, तर एवढं सांभाळा

ताई, तुमच्या पोरीला डाउन सिंड्रोम आहे (जन्मतःच एक गुणसूत्र जास्त), तिला मॉडेलिंग करायचंय, छानच. पण तिला घेऊन लातूरहून लगेच मुंबई गाठायची घाई करू नका. पोर्टफोलिओसाठी, म्हणजे मॉडेलच्या फोटोंच्या संचासाठी, आगाऊ पैसे मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. चांगली एजन्सी मिळालेल्या कामातून कमिशन घेते. आधी छत्रपती संभाजीनगर, पैठणकडच्या पैठणी-हिमरू कापडाच्या दुकानांना कामासाठी विचारा. फोटो साधे हवेत. खिडकीचा उजेड, मेकअप नको, आणि तिचा चेहरा संगणकावर कुणाला बदलू देऊ नका. मॉडेल एली गोल्डस्टीन २०२३ मध्ये ब्रिटिश व्होग या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर आली, ती डाउन सिंड्रोम असलेल्या स्वतःच्या चेहऱ्यानिशीच.

मला जास्त काळजी वाटते ती मानेची. डाउन सिंड्रोममध्ये काहींच्या मानेतल्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असतो. म्हणून जड मुकुट, मान झटकन मागे टाकायची पोझ, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. शूटवर फोटोग्राफरलाही तुम्ही स्वतः सांगा. थायरॉइडची तपासणी दरवर्षी करा, नाहीतर आजाराने आलेल्या थकव्याला लोक आळस म्हणतात, आणि ते फार लागतं हो.

‘जनजागृतीचं काम आहे, पैसे कशाला?’ म्हणणारे भेटतीलच. इतर मॉडेलला देता तेवढंच द्या, म्हणायचं. पैसे तिच्याच खात्यात. करार तिला सोप्या मराठीत समजावून सांगा, विचार करायला वेळ द्या. ती नको म्हणाली तर शूट रद्द, गाडीभाडं वाया गेलं तरी चालेल.

चालण्याचा सराव घरीच, गाणं लावून, एका वेळी एकच सूचना. आणि दुकानदाराशी बोलताना उत्तरं तिलाच देऊ द्या.