गुलामगिरीवरच्या आफ्रिकन-अमेरिकन कवितेत संगीत नेमकं कुठे असतं?

या कवितांची रचना सांगीतिक असते असं म्हणतात, ते खरंच मांडणीत दिसतं की समीक्षकांची बोलण्याची पद्धत आहे, असं तुम्ही विचारलंय. दिसतं, आणि ओळीवर बोट ठेवून दाखवता येतं.

रॉबर्ट हेडन यांची 'रनागेट रनागेट' घ्या. पळालेल्या गुलामांची कविता. सुरुवातीला विरामचिन्हंच नाहीत. धावतो पडतो उठतो ठेचकाळतो, आणि अंधार, आणि शिकारी, आणि कुत्रे, आणि रात्र गार आणि रात्र लांबलचक... मोठ्याने वाचताना श्वास घ्यायला जागाच सापडत नाही. मग 'हजारो उठले, हजारो पार गेले' अशा अर्थाच्या ओळी येतात, थेट गुलामांच्या जुन्या भक्तिगीताच्या वळणावर. इतका वेळ एकट्याची धाप ऐकू येत होती, आता मागे जमाव उभा राहतो. शाहिराची ओळ झीलकऱ्यांनी उचलावी, तसं. मळ्यांवरच्या गाण्याची हीच रीत होती: एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं.

आणि एवढ्यात मालकाची जाहिरात. माझा पॉम्पी, वय 30, नवी विजार. माझी ॲना, एका गालावर 'ई' आणि दुसऱ्यावर 'आर' डागलेलं. दिसल्यास पकडा नि कळवा. हे निव्वळ गद्य, हिशेबाच्या वहीतलं. गाणं जिथे तुटतं तिथे मालक बोलतो. मला या कवितेतली सर्वांत भेदक जागा हीच वाटते, आणि लय तुटल्याशिवाय ती तशी लागली नसती.

स्टर्लिंग ब्राउन यांची 'सदर्न रोड' (1932) गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरची, साखळदंडातल्या कैद्यांची. हातोड्याच्या प्रत्येक घावाला ओळीत 'हं' असा हुंकार छापलाय. ओळ एकदा, तीच पुन्हा, मग निराळी ओळ. हा साचा ब्लूजचा, म्हणजे आफ्रिकन-अमेरिकनांच्या दुःखाच्या गाण्यांचा, आणि घाव श्रमगीताचा.

'मिडल पॅसेज' (गुलामांना आफ्रिकेतून अमेरिकेकडे नेणारा सागरी प्रवास) मात्र वेगळ्या कानाने वाचा. हेडन यांची ही कविता 1945 मध्ये पहिल्यांदा छापून आली. तिच्यात जहाजाच्या नोंदवह्या आहेत, साक्षी आहेत, गुलामांच्या व्यापाऱ्याच्या आठवणी आहेत. तळघरात कोंबलेल्यांना स्वतःचा आवाज जवळपास नाहीच. प्रार्थनागीत ऐकू येतं, पण ते ख्रिस्ती खलाशांचं, वादळातून तारून ने म्हणणारं. जहाजांची नावं येशू, तारा, आशा, दया. हेडन या नावांना उपरोधिक म्हणतात, पण बहुतेक काम सूर शेजारी शेजारी ठेवूनच करतात. मृत्यूतून या किनाऱ्यावरच्या जीवनाकडे, हे पालुपद आधी येतं तेव्हा 'मृत्यू'वर भार पडतो. शेवटी, 'आमिस्टाड' जहाजावर 1839 साली उठाव करणाऱ्या सिंके या आफ्रिकी बंदिवानाच्या उल्लेखानंतर तेच येतं, तेव्हा तोच भार 'जीवना'वर सरकतो.

संगीत म्हणजे गोडवा असं समजून या कवितांकडे जाऊ नका. गुलाम गातात म्हणजे सुखी असतात, असं मानणाऱ्यांना फ्रेडरिक डग्लस यांनी 1845 मध्येच बजावलं होतं की गुलाम सर्वांत दुःखी असतो तेव्हाच सर्वांत जास्त गातो. डग्लस स्वतः गुलामीतून पळून आले होते.

सुरुवात 'रनागेट'पासून करा, आणि जमल्यास दोघांनी मिळून मोठ्याने वाचा. जाहिरात दुसऱ्याला वाचू द्या.