पाणी लागलं म्हणजे पाणाड्याला माहीत होतं का?

प्रश्न असा आहे: "पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची तोंडओळख करून घ्यायला सुरुवात कुठून करावी? ज्ञानमीमांसा म्हणजे काय? जे खरं आहे ते माहीत असणं म्हणजे ज्ञान, मग त्यात एवढं अभ्यासण्यासारखं काय?"

पहिल्या दोन वाक्यांसाठी मी लिहायला बसलो नसतो. त्यावर उत्तरं पुष्कळ सापडतील, बहुतेकांत थेलीस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञापासून नावांची आगगाडी लावलेली असते. पण तिसरं वाक्य वाचलं आणि नाना आठवले. नाना म्हणजे माझे थोरले चुलते. हेच वाक्य त्यांनी मला भर शेतात, पंधरा-वीस माणसांदेखत ऐकवलं होतं. मी उत्तर दिलं होतं, पण बोअरच्या गाडीच्या आवाजात ते कुणाच्या कानावर गेलं नाही. आज देतो.

आमचं गाव पारोळ्याकडचं. एमएच्या पहिल्या वर्षानंतरचा उन्हाळा. विहिरीने तळ गाठलेला, म्हणून नानांनी बोअर घ्यायचं ठरवलं आणि पाणाड्याला बोलावलं. पाणाड्या आला, त्याने चपला बांधावर काढल्या, कुणाशी न बोलता शेताला तीन फेऱ्या मारल्या. शेजारच्यांच्या विहिरीत वाकून पाहिलं. मग तळहातावर नारळ आडवा ठेवून चालू लागला. उंबरापासून वीसेक पावलांवर नारळ ताडकन उभा राहिला. तिथे चुन्याची फुली मारली आणि म्हणाला, दोनशे-सव्वादोनशेला लागेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तमिळनाडूची बोअरची गाडी आली. मुरूम संपला, काळा पाषाण सुरू झाला, आणि दीडशे फुटांपर्यंत नुसती राखाडी भुकटी उडत राहिली. पैसे फुटावर, त्यामुळे नाना प्रत्येक नळीला (म्हणजे ड्रिलच्या दांड्याला) बोटं मोजत होते. दोनशेदहाला भुकटीचा चिखल झाला आणि पुढच्या मिनिटाला पाणी उसळलं. सगळे भिजले. पाणाड्याला टोपी-टॉवेल, नारळ, वर पाचशेची नोट.

मी त्याच आठवड्यात एडमंड गेटियर हा अमेरिकन तत्त्वज्ञ वाचलेला. ताजं वाचलेलं अंगात असतंच. म्हणालो, "नाना, त्याला माहीत नव्हतं. त्याचा अंदाज खरा निघाला, एवढंच."

नाना म्हणाले, "पानी लागनं ना? मंग?" मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "जे खरं ते त्याला आधी कळलं, म्हणजे त्याला माहीत होतं. यात कॉलेजात जाऊन शिकण्यासारखं काय आहे?" कुणीतरी तो नारळ माझ्या हातावर ठेवला आणि म्हणालं, उभा करून दाखव. मी ठेवून पाहिलाही. नारळ पडून राहिला.

तर उत्तर. नानांचं म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं, हे आधी मान्य करतो. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस जवळपास तेच बोलतो. लारिसा गावाचा रस्ता ज्याला खरोखर माहीत आहे तो तुम्हाला तिथे नेईल. पण जो कधी गेलेला नाही, ज्याचं नुसतं मत बरोबर आहे, तोही तुम्हाला तिथेच नेईल. पोहोचणाऱ्याला काय फरक पडतो? मग ज्ञान बरोबर मतापेक्षा मोलाचं का? सॉक्रेटिसचं उत्तर असं: डेडालस या दंतकथेतल्या कारागिराचे पुतळे बांधून ठेवले नाहीत तर पळून जातात अशी आख्यायिका होती. बरोबर मतंही तशीच. ती खरी का आहेत याचा दोर बांधला, तरच जागेवर राहतात.

दोर सुटला तो पुढच्या वर्षी. तोच पाणाड्या, तसाच नारळ, चुलतभावाचं शेत. तीनशेऐंशी फूट गेले, धूळ. सोसायटीचं कर्ज काढून घेतलेला बोअर. मी म्हणालो, "बघा." यावेळी कुणी हसलं नाही, आणि नाना दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. ते 'बघा' मी गिळायला हवं होतं. पण मुद्दा माझाच बरोबर होता, हे आजही म्हणतो.

ज्ञानमीमांसेचा मूळ प्रश्न हा एवढाच: खरं निघालेलं मत आणि ज्ञान यांच्यामध्ये जे काही आहे, ते काय? 'थिएटेटस' या संवादात प्लेटोने तो सरळ हाताळला. तिथे कोर्टाचं उदाहरण आहे. ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्यालाच कळू शकेल अशी घटना, आणि पंचांना ती वकिलाने भाषण करून पटवली. पंचांचा निकाल बरोबर लागला. पण त्यांना माहीत होतं का? नाही. म्हणजे खरं मत एकटं पुरत नाही. नाना, ऐकताय ना.

मग संवादातला तरुण थिएटेटस म्हणतो, खरं मत अधिक त्याचा खुलासा, म्हणजे ज्ञान. आणि इथे पाठ्यपुस्तकं सर्रास लबाडी करतात. ही प्लेटोची व्याख्या म्हणून छापतात. त्या संवादात सॉक्रेटिस तीन व्याख्या घेतो: ज्ञान म्हणजे इंद्रियांना जाणवणं, ज्ञान म्हणजे खरं मत, ज्ञान म्हणजे खरं मत आणि खुलासा. तिन्ही मोडीत काढतो. संवाद उत्तराशिवाय संपतो. पुस्तक लिहिणाऱ्याने शेवटची चार पानंही वाचलेली नसतात.

गेटियरने 1963 साली तीन पानांचा लेख छापला आणि ती तिसरी व्याख्या, तिच्या आधुनिक रूपात (खरी समजूत आणि तिला पक्का आधार, म्हणजे ज्ञान), पुन्हा आडवी केली. त्यापुढे त्याने फारसं काही छापलं नाही, गरजही पडली नाही. त्याचं उदाहरण असं. स्मिथ आणि जोन्स एकाच नोकरीसाठी आलेत. नोकरी जोन्सला मिळणार हे स्मिथला खुद्द कंपनीच्या प्रमुखाने सांगितलंय, आणि जोन्सच्या खिशातली दहा नाणी स्मिथने स्वतः मोजलीत. म्हणून स्मिथची समजूत अशी की ज्याला नोकरी मिळणार त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. नोकरी मिळते स्मिथलाच, आणि त्याच्याही खिशात, त्याच्या नकळत, दहाच नाणी असतात. समजूत खरी, आधार पक्का, तरी याला ज्ञान म्हणायला जीभ वळत नाही.

जाता जाता: आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तर्कशास्त्र्याने याच जातीचं उदाहरण दिलेलं आहे. तहानलेला माणूस मृगजळाला पाणी समजून तिकडे जातो आणि नेमकं तिथेच खडकाखाली खरं पाणी असतं. मला हे पाणी लागलं त्या दिवशी ठाऊक असतं, तर तमिळनाडूच्या गाडीचा आवाजही मी पार केला असता. गेटियरचं नाव घेतलं की आमच्याकडे लोक हसतात, धर्मोत्तराला कदाचित हसले नसते.

देकार्त, लॉक, ह्यूम, कांट हे सतराव्या-अठराव्या शतकातले मोठे युरोपीय तत्त्वज्ञ, त्यांच्या जन्मतारखा पाठ करू नका. माझं मत विचाराल तर देकार्तच्या संशयाचं नको तितकं कौतुक होतं. 1641 च्या 'मेडिटेशन्स'मध्ये तो सगळ्यावर संशय घेतो, सैतान आपल्याला फसवत असेल इथपर्यंत जातो, आणि मग देवाचा हात धरून चटकन बाहेर येतो. खरा खमक्या ह्यूम. आजवर सूर्य उगवला म्हणून उद्या उगवेल, याला बुद्धीचा आधार कुठला? 'आजवर असंच चालत आलंय' म्हणाल, तर जे सिद्ध करायचंय तेच गृहीत धरलं. उरते ती सवय. बर्ट्रांड रसेल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1912 साली कोंबडीचं उदाहरण देऊन हे सोपं केलं: रोज दाणे टाकणारा हातच एक दिवस मान मुरगाळतो. आमच्या चुलतभावाने दुसऱ्या बोअरला हाच तर्क लावला होता, पहिला लागला म्हणून दुसरा लागेल. ह्यूम वाचला असता तर कर्ज वाचलं असतं, असं मात्र म्हणत नाही. ह्यूम स्वतःच म्हणतो की खोलीबाहेर पडल्यावर तोही सवयीनेच वागतो.

आता एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. पाणाड्याच्या त्या तीन फेऱ्या. नारळ हातात घेण्याआधी त्याने उंबर पाहिला, वारूळ पाहिलं, शेजारच्या विहिरीत झरा कोणत्या अंगाने पाझरतो ते पाहिलं. झाडं आणि वारुळं यांवरून जमिनीतलं पाणी ओळखायच्या खुणा वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त एका अख्ख्या अध्यायात दिल्या आहेत. अल्विन गोल्डमन नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1979 साली असा सिद्धांत मांडला की समजूत ज्या रीतीने तयार झाली ती रीत भरवशाची असली म्हणजे पुरे, माणसाला आपलं कारण सांगता आलंच पाहिजे असं नाही. मग नारळ गिऱ्हाइकांसाठी आणि ज्ञान डोळ्यांत, असंही असेल. तसं असेल तर पहिल्या बोअरपुरते नाना बरोबर.

पण मग रीत भरवशाची आहे हे कुणी मोजलं? मी मोजायला निघालो होतो. वही घेऊन आजूबाजूच्या गावांत त्याचे बोअर विचारत फिरलो. अकरा नावं लागली. ज्यांना पाणी लागलं त्यांनी चहा पाजून सांगितलं. ज्यांचे कोरडे गेले त्यांच्यातले दोघे विषय काढताच उठून गेले, आणि एकाने "आमचा बोअरच नाही" म्हणून सांगितलं, त्याच्या खळ्यात बोअरच्या केसिंगचा पाईप उघडा दिसत होता. तिथे वही मिटली. पाणाड्या न आणता, डोळे मिटून घेतलेले बोअर किती लागतात, हे तर अजून मोजायचंच होतं.

वाचायला सुरुवात करायची तर 'थिएटेटस'चा शेवटचा भाग, मग गेटियरची तीन पानं, मग देकार्तची पहिली दोन 'मेडिटेशन्स', मग ह्यूमचं 1748 चं छोटं पुस्तक, 'अ‍ॅन एन्क्वायरी कन्सर्निंग ह्यूमन अंडरस्टँडिंग'. कांटला वर्षभर हात लावू नका. मराठीत दि. य. देशपांडे वाचा. इतकं सरळ मराठी या विषयात फार कमी जणांनी लिहिलं आहे.

परीक्षेसाठी विचारत असाल तर मात्र माझं ऐकू नका. 'ज्ञानाची व्याख्या प्लेटोने दिली' असंच लिहून या. मी 'दिली नाही' असं लिहिलं होतं, संवादातल्या जागेसकट. सोळापैकी पाच.